पहिल्या परिषदेचं भाडं

आमच्या गावातली माणसं मुंबईला जातात, फार तर कोल्हापूरला. जळगावला गेलेलं दुसरं कुणी मला ठाऊक नाही. म्हणून परत आल्यावर हे लिहून ठेवते आहे. जायला दोन दिवस आणि एक रात्र लागते, एस.टी. आणि आगगाड्या मिळून चार वेळा वाहन बदलावं लागतं, एवढं सांगितलं की त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही उरत नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, समुद्राकाठच्या एका दोन-शिक्षकी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. तिसरी-चौथी मुख्याध्यापक गुरुजींकडे. गेल्या पावसाळ्यानंतर शिक्षकांच्या एका मासिकात एक लहानशी चौकट छापून आली होती. प्राथमिक शाळांत मराठी शिकवणाऱ्यांची तीन दिवसांची परिषद पौष महिन्यात जळगावला भरणार होती. जो शिक्षक आजवर एकाही परिषदेला गेलेला नाही, अशा एकाला जाण्यायेण्याचं भाडं आणि राहण्याजेवणाचा खर्च मिळणार होता. त्यानं आपल्या वर्गातल्या अनुभवावर दहा मिनिटांचा निबंध वाचायचा, एवढीच अट. चौदा वर्षं नोकरी झाली, पण तालुक्याच्या गावी पगाराच्या कामाला जाण्यापलीकडे मी कुठं गेले नव्हते. अर्ज केला.

गुरुजी सही करताना म्हणाले, "खंयचा जळगाव! थंय आपला कोण आसा?"

कुणी नव्हतं. तसं गावातही आता कुणी नव्हतं. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि शाळा सुटल्यावर घरी लवकर पोचायचं कारण उरलं नव्हतं. दोन महिन्यांनी मनीऑर्डर आली. कुपनावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, "परिषदेसाठी".

जळगाव

उतरले तेव्हा दिवस नुकताच मावळला होता. थंडी मी ऐकून होते, अंगावर कधी घेतली नव्हती. आमच्याकडे पौषातही पहाटे एक साधी चादर पुरते. इथं फलाटावर माणसं कानांना उपरणी गुंडाळून उभी होती, आणि मी सुती लुगड्यावर पातळ शाल घेऊन. स्टेशनाबाहेर केळ्यांचे घड इतके स्वस्त होते की मी विचार न करता अर्धा डझन केळी घेतली. त्या केळ्यांनीच मला पहिल्या दिवशी तारलं आणि उघडंही पाडलं.

बाहेरगावच्या बायकांची सोय गावातल्या घरांतून केली होती. बहुतेक बायकांचं कुणी ना कुणी नातलग जळगावात होतं. मी एकटीच परकी. मला बाजारपेठेतल्या एका कापूस-व्यापाऱ्याच्या घरी नेलं. मंडळी राजस्थानातली, जैन, तीन पिढ्या जळगावात. घरच्या मालकीणबाई पन्नाशीच्या, कपाळावर खाली ओढलेला पदर. त्यांना सगळे बाईजी म्हणत. त्यांनी विचारलं, "जेवण व्हायचं असेल?"

स्वयंपाकघराचं दार बंद झालेलं दिसत होतं. भांडी घासून पालथी घातलेली. ही माणसं सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, हे मला वाचून ठाऊक होतं. मी म्हटलं, "गाडीत खाल्लं." त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. मग खोलीत बसून सहाच्या सहा केळी खाल्ली.

सकाळी बाईजींनी टोपलीतल्या साली पाहिल्या. पाट मांडला, ताटात गरम फुलके, मुगाची डाळ आणि पापडाची भाजी वाढली. पापडाची भाजी होते हे मला नवीन होतं. आमच्याकडे पापड म्हणजे ताटाच्या कडेला. मी खायला लागल्यावर त्या म्हणाल्या, "रात्रीचा नेम आमचा आहे, बाई. तुमचा नाही. भूक लागली तर लागली म्हणायचं. खोटं सांगून उपाशी झोपलात, त्याचं पाप आमच्या माथ्यावर."

मला इतकी लाज वाटली की तिसरा फुलका नको म्हणाले, आणि ते पुन्हा खोटंच होतं.

परिषद एका हायस्कूलच्या सभागृहात होती. उद्घाटन झालं. मग चिटणीसांनी माइकवर सांगितलं, "प्रथमच परिषदेला येणाऱ्या शिक्षकासाठीचा यंदाचा प्रवासखर्च ज्यांना दिला आहे, त्या भगिनी कोकणातून आल्या आहेत. त्यांनी उभं राहून परिचय द्यावा." माणूस भला होता, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण भरलेल्या सभागृहात ज्यांचं भाडं दिलं आहे त्या, म्हणून उभं राहणं सोपं नसतं. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं.

"मोठ्यानं बोला, बाई!" मागून कुणी ओरडलं.

मी पुन्हा सांगितलं. माझा आवाज मुळात बारीक. पंचवीस मुलांच्या खोलीपलीकडे तो कधी न्यावा लागलेला नाही. दुसऱ्या वेळी बोलले तेव्हा मागून एका आवाजानं माझं वाक्य माझ्याच हेलात म्हणून दाखवलं, आणि दोन-तीन रांगा हसल्या. आता वाटतं, त्यात दुष्टपणा नसेल. वर्गात मुलंही अशीच हसतात. पण त्या क्षणी मी खाली बसले आणि दुपारपर्यंत मला व्यासपीठावरचं एक अक्षर समजलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत सगळे आपापल्या तालुक्यांचे घोळके करून बसले. चोपड्याचे चोपड्याच्यांत, अमळनेरचे अमळनेरच्यांत. त्यांच्या बदल्या, त्यांचे साहेब, त्यांच्या गमती. मी ताट घेऊन एका घोळक्याच्या कडेला बसले. त्यांनी सरकून जागा दिली आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

असोदा

दुपारचं सत्र लवकर संपवून सगळ्यांना बसनं असोद्याला नेलं. जळगावपासून अगदी जवळचं मोठं गाव. तिथल्या एका शेतकऱ्यानं मळ्यात भरिताचं जेवण ठेवलं होतं.

हे मात्र सांगायलाच हवं, कारण आमच्याकडे भरीत म्हणजे चुलीत भाजलेलं एक लहान वांगं. तिथली वांगी हातभर लांब, फिकट हिरवी. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करून त्यात ती ढिगानं टाकतात, साली काढतात, आणि मग दोन गडी लाकडी भांड्यात ती दांडक्यांनी बडवत राहतात. त्यात हिरव्या मिरच्या, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि तेल किती, ते मी लिहीत नाही. बरोबर ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली भाकरी. तिला कळण्याची भाकरी म्हणतात. एका बाजूला केळीच्या बागा, दाट हिरव्या. दुसऱ्या बाजूला वेचणी होत आलेली कपाशी. माती काळी, पायाला चिकटणारी. आणि वर केवढं तरी आभाळ. आमच्याकडे आभाळाचा तुकडा माडांच्या झावळ्यांतून बघायची सवय. इथं ते जमिनीला टेकेपर्यंत कुठंच थांबत नव्हतं. मला त्याची भीतीच वाटली.

पहिल्याच घासाला मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं. समोरचे एक गुरुजी मोठ्यानं म्हणाले, "अरे, कोकणातल्या बाईंना रडवलंत की!" सगळे हसले. मीही हसले. वाढणारी बाई धावत दही घेऊन आली. आणि त्या हसण्यातच मला खरोखर रडू फुटलं. मिरचीच्या नावावर ते खपून गेलं. कुणाला कळलं नाही, हे बरं झालं. आणि कुणाला कळलं नाही, याचंच पुन्हा वाईट वाटलं.

परतताना बसमध्ये चिटणीस शेजारी बसले. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, "माझे भाड्याचे पैसे कुणी दिले?"

"नाव सांगू नका म्हणतात. धुळ्याचे एक निवृत्त शिक्षक आहेत. सहा वर्षं झाली, दर वर्षी पेन्शनीतून एकाचा खर्च पाठवतात."

"त्यांना भेटता येईल? आभार मानायचे होते."

"सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले, आणि खिशातल्या चिठोऱ्यावर पेन्सिलीनं पत्ता लिहून दिला. "परिषद संपली की जा. परवा सकाळी तुमचं वाचन आहे, ध्यानात ठेवा."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं सामान पिशवीत भरलं आणि बाईजींना सांगितलं की माझी परिषद संपली, धुळ्याला एकांचे आभार मानून तशीच घरी जाते. मनाशी मी ठरवून टाकलं होतं. पुन्हा त्या सभागृहात पाऊल टाकायचं नाही. बाईजींनी मला कुंकू लावलं आणि वाटेसाठी खाकऱ्यांची पुडी बांधून दिली. त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही.

धुळे

एरंडोल, पारोळा करत बस तीन तासांत धुळ्याला पोचते. वाटेभर सरकी काढायच्या कारखान्यांकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या. बैलांच्या अंगावर, बाभळींवर, तारेच्या कुंपणावर कापसाचे पुंजके अडकलेले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, इकडं फुलांचा मोसम आहे.

धुळ्यातल्या जुन्या गावात रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ, आणि गल्ल्यांना नंबर. आमच्या वाड्यांना माणसांची नाहीतर झाडांची नावं असतात. तिथं चुकलं तर कुणीही हाताला धरून नेतं. इथं चिठोऱ्यावरचा गल्लीचा आकडा पेन्सिलीनं पुसट झालेला, चार की पाच ते कळेना. मी चौथ्या गल्लीत जाऊन पत्त्यातल्या नंबरच्या घराची कडी वाजवली. आतून पिठानं पांढरा झालेला एक माणूस आला. ती गिरणी होती. चिठोरं बघून तो म्हणाला, "मास्तर पाचव्यात. पण बाई, त्यांना ऐकू येत नाही बरं का."

पाचव्या गल्लीत एक म्हातारी ओट्यावर तूर निवडत होती. मला बघून म्हणाली, "कथाईन उनी वं बाई?"

कुठून आलीस, असं ती विचारते आहे हे अंदाजानं कळलं. कोकणातून म्हटल्यावर तिनं सूप खाली ठेवलं. शेजारच्या दाराशी जाऊन ती अशी ओरडली की गल्लीच्या टोकाचं कुत्रं उठून बसलं. "नाना! पाहुणी उनी शे!" मग मला म्हणाली, "जोरमा बोल. त्यासले ऐकू येत नही."

नाना म्हणजे माझे देणगीदार. सत्तरीचे, उंच, खादीचा सदरा, एका खोलीचं घर. खाट, पुस्तकांचं फडताळ, स्टोव्ह. भिंतीवर कुणाचा फोटो नाही. मी नाव सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा सांगितलं. अखेर त्यांनी पाटी-पेन्सिल पुढे केली. मी लिहिलं, "तुम्ही माझं भाडं दिलंत. आभार मानायला आले."

त्यांनी वाचलं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. शांत, भारी आवाजात त्यांनी विचारलं, "परिषद तर उद्यापर्यंत आहे. मग आज इथं कशा?"

मी पाटीवर लिहिलं, "आज नुसती सहल आहे."

नाना उठले. फडताळातून परिषदेची छापील कार्यक्रमपत्रिका काढली. दर वर्षी त्यांच्याकडे येत असणार. पहिल्या दिवसाच्या प्रत्येक सत्रापुढे पेन्सिलीची खूण होती. दुसऱ्या दिवसाचं पहिलं सत्रही खूण करून झालं होतं. हा माणूस घरी बसून घड्याळाप्रमाणे परिषद पुढं सरकवत होता. त्यांनी दुपारच्या व्याख्यानावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग खाली, उद्याच्या सकाळवर. तिथं माझं नाव होतं.

मी पाटी पुसली. शेवटी लिहिलं, "मला तिथं कुणी ओळखत नाही. माझ्या बोलण्याला हसले. मी पळून आले." आणि पाटी त्यांच्या हातात देऊन जमिनीकडे बघत बसले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. बराच वेळ ते नुसते वाचत होते, जणू तिथं तीन ओळींपेक्षा जास्त काही होतं. मग म्हणाले, "मला एकदा बोलावणं आलं होतं. पुण्याला. निबंध लिहून तयार होता. भाड्याला पैसे जमले नाहीत. पुढं पैसे आले तेव्हा कान गेले. म्हणून मी दुसऱ्यांना पाठवतो." मग पुढं म्हणाले, "आजवर परत येऊन तिथं काय झालं, ते मला कुणी सांगितलं नाही. तुम्ही पहिल्या आलात, आणि तुम्हीच मधून उठून आलात."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"निबंध आणलाय?" त्यांनी विचारलं.

पिशवीत होता. मी कागद त्यांच्यापुढे केले. त्यांनी ते परत माझ्याकडे सरकवले. "मला वाचायला नकोय. मला ऐकायचंय. बाहेर ओट्यावर चला. उजव्या कानानं थोडं येतं."

तर मी धुळ्याच्या पाचव्या गल्लीत, भर दुपारी, एका ओट्यावर उभी राहून माझा निबंध वाचला. पहिलं वाक्य चारदा वाचावं लागलं. नाना हातानं खूण करत, आणखी मोठ्यानं. आणखी. चौथ्या वेळी माझ्या घशातून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. आमच्याकडे होडीवरच्या माणसाला किनाऱ्यावरून हाक मारतात तसा. समोरची दारं उघडली. बायका आल्या, गिरणीवाला आला. शेजारची म्हातारी, तिला सगळे अक्का म्हणत होते, तूर निवडायची सोडून पुढ्यात येऊन बसली.

निबंधाचा विषय होता घरची बोली आणि पुस्तकातली भाषा. पहिलीत येणारी आमची मुलं 'माका', 'तुका', 'खंय' बोलतात. विहिरीला बाव म्हणतात. मी काही वर्षं दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते. त्यानं मुलं लवकर बोलती होतात, असं मी उदाहरणं देऊन मांडलं होतं. जमेल तितक्या पुस्तकी भाषेत.

संपल्यावर अक्का म्हणाली, "मना नातू बी तसाच शे. घरमा दिनभर बोलस, शाळामा गया का मुका." आणि गिरणीवाल्यानं हसून मान डोलावली. "बठ्ठास्ना पोरे तसाच." सगळ्यांचीच पोरं तशी, असं तो म्हणत होता.

नानांनी मात्र एकच प्रश्न विचारला. "दोन्ही शब्द लिहायचे, हे तुम्हाला सुचलं कधी?"

निबंधात ते नव्हतं. मी ते मुद्दाम लिहिलं नव्हतं.

"सांगा," ते म्हणाले.

तीन वर्षांपूर्वी पहिलीत शेवंती नावाची मुलगी आली होती. पहिल्याच दिवशी ती उभी राहून म्हणाली, "बाईंनू, माका तान लागली." तिला पाणी हवं होतं. मी म्हटलं, तसं नाही, 'मला तहान लागली आहे' असं म्हण, मग जा. ती म्हणेना. मीही हट्टाला पेटले. वर्ग हसायला लागला. ती खाली बसली आणि त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. हजेरीला हात वर करायची. मी गोड बोलून पाहिलं, तिच्या आईला भेटले, शेवटी फळ्यावर तिचे शब्द लिहायला लागले. बाकीची मुलं बोलती झाली. ती नाही. मे महिन्यात तिची माणसं मुंबईला गेली आणि दुसरीत ती आलीच नाही.

हे सगळं मी ओरडून सांगितलं. असली गोष्ट ओरडून सांगायची म्हणजे काय, ते कुणाला समजावून सांगता येणार नाही. कुजबुजत सांगायची गोष्ट होती ती. पण नानांना दुसऱ्या कशानं ऐकू गेली नसती.

"हे उद्या सांगा," नाना म्हणाले. "ते शब्दांचे तक्ते ठेवा बाजूला."

"लोक मला काय म्हणतील?"

त्यांना ऐकू गेलं नाही की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. ते आत जाऊन बसचं वेळापत्रक बघू लागले. अक्कानं मला तिच्या घरी नेऊन शेवेची भाजी आणि भाकरी वाढली. रस्सा लाल, तोंड पेटवणारा. मी एक शब्द न बोलता सगळा खाल्ला. साडेतीनच्या बसपर्यंत नाना सोडायला आले. बस हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "मागं कुणी बसलं असेल, त्याला ऐकू येईल असं बोला. आणि झालं की मला कळवा. सगळं."

पुन्हा जळगाव

बाईजींच्या दाराशी पोचले तेव्हा दिवे लागले होते. सकाळी कुंकू लावून निरोप दिलेली पाहुणी पिशवी घेऊन परत उभी. त्या म्हणाल्या, "तुमची तर परिषद संपली होती ना?"

"नव्हती संपली. मी खोटं बोलले."

त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. "आणि जेवण?"

"झालं नाही. भूक लागली आहे."

बाईजी पहिल्यांदा हसल्या. त्यांची सून माझ्यासमोर तोंडावरचा पदर काढत नसे, पण त्या पदराआडूनही हसू ऐकू आलं. त्यांनी मला दूध, खाकरे आणि लोणचं दिलं, आणि स्वतः काही न खाता माझं होईपर्यंत समोर बसून राहिल्या. मधेच म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा दोन वर्षं कुणाशी बोलले नाही. मराठी येत नव्हती. चुकलं तर दीर हसायचे." एवढंच. मग ताट उचलायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सभागृह अर्ध्याहून जास्त रिकामं होतं. लांबची माणसं गाड्या गाठायला निघून गेली होती, काही सामान घेऊनच बसली होती. अध्यक्ष म्हणाले, "वेळ कमी आहे, बाई, पाचच मिनिटं." मी माइक बाजूला केला. तो मला अडचणच वाटत होता. आणि शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेल्या माणसाकडे बघून शेवंतीची गोष्ट सांगितली. पहिल्या दिवसापासून ती दुसरीत आली नाही तिथपर्यंत. तक्ते पिशवीतच राहिले.

टाळ्या पडल्या नाहीत. मी उभीच होते. मग मधल्या रांगेतले एक टक्कल पडलेले गुरुजी उठले. म्हणाले, "माझ्याकडे एक पोरगा होता. 'बठ्ठा' म्हणायचा. 'सगळं' म्हण, म्हणून मी त्याला उभा करून ठेवायचो. रोज..." पुढं त्यांना बोलता येईना. ते बसले. मग एक बाई उठल्या, मग आणखी एक. प्रत्येकाकडे कुणीतरी होतं. अध्यक्षांनी दोनदा घंटीला हात लावला आणि दोन्ही वेळा तो मागे घेतला.

एक वाजता सगळं संपलं. माणसं घाईनं बाहेर पडली, कुणाची बस, कुणाची गाडी. सतरंज्या गुंडाळल्या जाऊ लागल्या. माझा पत्ता कुणी विचारला नाही. मी स्टेशनवर गेले आणि फलाटावरच्या बाकावर गाडीची वाट बघत चार तास एकटी बसले. समोरून केळ्यांनी भरलेल्या मालगाडीच्या वाघिणी जात होत्या.

गावी पोचले तर गुरुजी म्हणाले, "इलात?" आणि माझ्या वर्गाची हजेरीवही पुढे केली. त्या दिवशी, त्या आठवड्यात, परिषदेबद्दल कुणी काही विचारलं नाही. मी तीन संध्याकाळी बसून नानांना पत्र लिहिलं. सत्रवार, कोण काय बोललं, कोण उठलं, कोणाला बोलता आलं नाही. काही न समजलेल्या पहिल्या सकाळची आणि पळून गेल्यामुळे दुसऱ्या दिवसाची जागा कोरी सोडली आणि तसं लिहिलं.

उत्तर पंधरा दिवसांनी आलं. त्यात शाबासकी नव्हती, आशीर्वादही नव्हते. नुसते प्रश्न होते, आकडे घालून लिहिलेले, अकरा. टपाल हातात घेऊन मी शाळेच्या पायरीवरच बसले. इतका आनंद मला का झाला ते पोस्टमनला सांगता आलं नसतं.

पहिला प्रश्न होता: "शेवंती वर्गात कुणाशेजारी बसत असे?"

मला आठवेना. वर्षभर तिचा चेहरा बघितला होता, शेजारचा नाही. तिच्या बरोबरीची मुलं आता चौथीत होती. गुरुजींची परवानगी घेऊन मी त्यांच्या वर्गात गेले आणि विचारलं. मग खिडकीजवळून एका मुलीनं हात वर केला.

"माझ्या वांगडा, बाईंनू." माझ्याबरोबर, म्हणजे.

"तुझ्याशी ती बोलायची?"

तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला असावा. "रोज," ती म्हणाली. "पाटी तोंडार धरून. शाळा सुटापर्यंत."

"काय बोलायची?"

"सगळा."

मी तिच्याजवळ तरटावर बसले. "सांग," म्हटलं.